आडव्या रेघेचा ठोका

मी फार बोलते आणि भरभर बोलते. घरात माझं नाव टकळी. आई म्हणायची, "हिच्या तोंडाला कुणीतरी ब्रेक बसवून आणा रे." ब्रेक काही बसला नाही, ताल बसला, आणि तो बसवला रॅपने. चौदाव्या वर्षी आतेभावाने त्याच्या हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. आत एक माणूस आपल्या गळक्या जिन्याबद्दल आणि आईच्या दुखऱ्या गुडघ्यांबद्दल बोलत होता. माझ्याहूनही भरभर, तरी एकेक अक्षर सुटं. भरभर बोलणं हा रोग नसावा, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. आई दारातून ओरडली, "हे गाणं आहे की भांडण?" भांडणच होतं, पण तालात.

छापखान्यात नोकरी लागली तीही याच तोंडावर. आमच्याकडे औषधांच्या खोक्यात घालायचे घडीचे कागद छापतात. मुंगीएवढी अक्षरं आणि कोष्टकंच कोष्टकं. तपासणी दोघांनी करायची. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, आकडे, पूर्णविराम, रिकाम्या जागेतली आडवी रेघ, सगळं तोंडाने बोलून. दुसऱ्याने प्रुफावर, म्हणजे छापायच्या आधीच्या कच्च्या प्रतीवर, पेन्सिल फिरवायची. तोंड माझं, पेन्सिल काकांची. काका नात्याचे नव्हेत. पस्तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून ते सगळ्या छापखान्याचे काका झाले होते. चूक सापडली की "सापडली लबाड!" म्हणून टेबलावर थाप मारायचे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी "काय?" विचारून विचारून मला वीट आणला. शनिवारी माझं डोकं फिरलं. मी दुसरी एक पेन्सिल उचलली आणि ती टेबलावर आपटत चक्क रॅपमध्ये वाचायला लागले. वय, वजन, मात्रा, वेळा. चार रकाने, चार ठोके. "दोन वर्षं, बारा किलो, अडीच मिली, दोनदा!" चिडवायला म्हणून केलं होतं. काकांनी अख्खं पान एकदाही "काय?" न विचारता संपवलं.

मग उठून दार लोटलं. "पोरी, मला आता धड ऐकू येत नाही. पण टेबल थरथरतं ते हाताला कळतं, आणि अशी सुटी अक्षरं बोललीस की तुझ्या ओठांवरून बाकीचं कळतं. कुठे बोलू नकोस. मालकांना कळलं तर मला घरी बसवतील."

"मग कानाला यंत्र लावा ना."

"ते लावलं की सगळ्यांना दिसेल. आणि घरी बसून करू काय? तिथे माझ्याशी बोलायलाही कुणी नाही."

मी कुणाजवळ बोलले नाही. माझ्या बाबतीत ही बातमीच म्हणायची. त्यानंतर दोन वर्षं आम्ही असेच वाचत होतो. संध्याकाळी मी गाणी ऐकायचे, रॅपवाल्याने दम कुठे घेतलाय ते बघायचे आणि सकाळी खोकल्याच्या औषधाचा कागद वाचताना तिथेच घ्यायचे. आयुष्यभर सगळ्यांनी मला "हळू बोल" सांगितलं. काका म्हणायचे, "हं, बोल."

आणि मग मीच माती खाल्ली. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं कोष्टक होतं. पहिली ओळ, एक वर्षाखालची बाळं. मात्रेच्या रकान्यात आडवी रेघ, म्हणजे द्यायचंच नाही. "आडवी रेघ" म्हटलं की ठेका रखडतो. मी त्या दिवशी फार रंगात होते. रेघेच्या जागी रॅपवाले मारतात तशी नुसती "हे!" अशी आरोळी ठोकली. ठोका भरलेला, प्रुफावर रकानाही भरलेला, कारण अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हातून खालचा आकडा वर सरकला होता. मी आकडाच बोलले असं धरून काकांनी बरोबरची खूण केली.

पहिला गठ्ठा उघडताच औषध कंपनीत कागद तपासणाऱ्या बाईंचा फोन आला, रेघेच्या जागी आकडा छापलाय म्हणून. एकही कागद बाहेर गेला नव्हता. पण आपल्या आरोळीने एखादं बाळ गेलं असतं, हे मी अजून विसरलेले नाही.

मालक प्रूफ घेऊन आले. मी तोंड उघडायच्या आत काका उठले. "चूक माझी. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

"खोटं आहे!" मी ओरडले. "म्हणजे ऐकू येत नाही ते खरंय. पण रेघ मी खाल्ली. मी म्हणालेच नाही."

मालक काकांकडे वळले. "ऐकू येत नाही, तर दोन वर्षं चुका कशा पकडल्या?"

"ही ठेक्यात वाचते," काका म्हणाले.

मालकांनी नवं प्रूफ मागवलं, आमच्याकडे पाठ फिरवून त्यात पेनाने काहीतरी केलं आणि काकांपुढे ठेवलं. "तीन ठिकाणी बिघडवलंय. वाचा."

मी वाचलं. पेन्सिलीचा ठोका चुकू दिला नाही. प्रत्येक आडवी रेघ पूर्ण बोलले, तिला तिचा ठोका दिला. काकांचा डावा तळवा टेबलावर टेकलेला, डोळे एकदा माझ्या ओठांवर, एकदा कागदावर. एक सापडली. दुसरी. तिसरी. मी सुटले म्हणून श्वास सोडला, तेवढ्यात थाप पडली. "सापडली लबाड! ही चौथी."

चौथी जुळाऱ्याची होती. मालकांनी चष्मा काढून पुसला. "उद्या कान तपासून यंत्र लावून घ्या. खुर्ची कुठे जात नाही. आणि तू, आरोळ्या बंद. वाचताना दारही लावत जा, बाहेर मशीनवाला काम सोडून मान हलवत बसतो."

ते गेल्यावर मी डोकं टेबलावर ठेवून रडले. काकांनी रडू दिलं. मग म्हणाले, "हे असं बोलणं काढलं कुणी?"

मी मान वर करून सांगितलं. लांबच्या एका शहरातली गरीब वस्ती. वाद्यं घ्यायची ऐपत नाही. गाण्यांच्या दोन तबकड्या फिरवून ताल धरला आणि त्यावर आपलं जगणं बोलले.

"तबकड्यांवर," काका हळूच म्हणाले. डोळे पुसून त्यांनी पुढचं प्रूफ ओढलं. "त्यांना कुठून ठाऊक असणार, त्यांनी माझी खुर्ची राखली ते."