मागावरचं बोलणं

धाकटी सून होऊन ती गिरणीगावात आली आणि महिन्याभरातच थोरल्या जावेच्या शेजारच्या मागावर उभी राहिली. कापडगिरणीच्या त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या. घरी सासूच्या धाकाने दोघी जावा तोंडातून ब्र काढत नसत. मन मोकळं व्हायचं ते मागावरच.

पुढे गिरणी बंद पडली आणि थोरली लेकाकडे शहरात गेली. परवा बऱ्याच वर्षांनी ती आली, तर दोघींना बोलायलाच सुचेना.

"चहा टाकू का, जाऊबाई?"

"टाक."

एवढ्यावर गाडी अडली. गिरणीचं आता संग्रहालय झालं होतं. ती बघायला गेल्या, तर दाराशी तिकीट आणि आत माग मुके उभे. दोघींना तिथेही परक्यासारखं वाटलं.

मग तिथल्या एका वाटाड्याने त्यांना गिरणीमागच्या पाणथळ जंगलात नेलं. झाडं गुडघाभर पाण्यात उभी होती आणि वर बगळ्यांची घरटी होती.

"आवाज करू नका हं," तो कुजबुजला.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले, 'गुडघे कसे आहेत गं?'

धाकटीचा बांधच फुटला. लाकडी बाकावर दोघींचे ओठ अखंड चालू होते. मध्येच हसत होत्या, मध्येच डोळे पुसत होत्या. एकही बगळा उडाला नाही.

निघताना वाटाड्या म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखी शांत माणसं क्वचितच येतात."

"शांत?" धाकटी खळखळून हसली. "अरे, आत्ता कुठे सासूबाईंचं संपलंय. माझी बाळंतपणं अजून राहिलीत! उद्या किती वाजता उघडतं हे?"