साडूभाऊंचे उपविधी

डहाणू तालुक्यात स्वतःच्या हाताने कायदा लिहिणारा एकच माणूस होऊन गेला, आणि माझं दुर्दैव असं की तो माझा साडू निघाला. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होतो. विधेयकाची तीन वाचनं कशी होतात हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होतो. साडूभाऊ जेमतेम मॅट्रिक, पण ग्रामपंचायतीचे चिटणीस. दिल्लीची संसद काय नि मुंबईचं विधिमंडळ काय, कायदा करतात आणि शेवटी एक कलम घालतात, की बारीकसारीक नियम अमक्याने करावेत. आमच्या गावात ते अमके म्हणजे पंचायत, आणि पंचायतीचे हे नियम, म्हणजे उपविधी, लिहिणारे साडूभाऊ. "मास्तर, गुरं कुठे बांधायची हे दिल्लीला कसं कळणार? म्हणून ते आपल्यावर सोपवतात," असं ते बोर्डीला सासुरवाडीत चिकू सोलता सोलता सांगत, आणि आमचे सासरे प्रत्यक्ष पंतप्रधानच जावई मिळाल्यासारखे फुलत. मग माझ्याकडे बघून म्हणत, "तुम्हीही घ्या हो चिकू."

साडूभाऊ आमटी वाढतानाही "परंतु असे की, तिखट लागल्यास दही घ्यावे" असं म्हणत. नवा मसुदा झाला की बाजारात बाकावर उभे राहून तो आधी मराठीत वाचायचे, मग गुजरातीत वाचून "समज पडी ने?" विचारायचे, मग मोळ्या विकायला आलेल्या वारली बायकांना त्यांच्या बोलीत सांगायचे. कोणाची हरकत असल्यास लेखी द्यावी, म्हणून कचेरीत पेटी ठेवलेली. ती रोज उघडून बघायचे. आत कधी काही नसे. माझी बायको म्हणायची, "भावोजींचं लिहिलेलं वरून मंजूर होऊन येतं. तुमचं तर घंटा झाली की पुसलं जातं." आता सांगा, माणसाने जळू नये तर काय करावं!

एकदा त्यांनी लिहिलं, की बाजाराजवळच्या चिंचेखाली कोणी विक्रीस बसू नये. सायवनकडच्या मोळीवाल्या बायका तिथेच बसत. मी मूळ कायदा मिळवून वाचला. अधिकार दिलेला होता तो बाजाराच्या हद्दीपुरता, आणि चिंच तर सडकेच्या कडेला. हा अधिकारातिक्रम आहे, अशी हरकत मी डाव्या हाताने लिहिली, खाली 'एक नागरिक' असं घातलं आणि पेटीत टाकली. त्या बायकांचा कळवळा वगैरे काही नव्हता, खोटं कशाला बोलू? मला साडूंची जिरवायची होती.

सभेत त्यांनी ती मोठ्याने वाचली. मी मागच्या बाकावर गालातल्या गालात हसत होतो. त्यांनी कपाटातून टेप काढली आणि ते भर उन्हात निघाले. पंच मागे, पंचांच्या मागे मी. चिंच हद्दीबाहेर बारा फूट भरली. साडूभाऊंनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून ते कलम खोडलं आणि बायकांना सांगितलं, की बसा खुशाल. त्यातल्या एकीने विचारलं, मग आम्हाला उठवणार कोण होतं? ते ओशाळून म्हणाले, "मीच."

संध्याकाळी ते घरी आले. "मास्तर, 'अधिकारातिक्रम' हा शब्द डहाणूत दुसऱ्या कोणाला येतो?"

माझी मान खाली गेली.

"अहो, इतकी वर्षं लिहितोय. पहिल्यांदा कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं! पुढच्या वेळी उजव्या हाताने लिहा. आणि सही करा."

पुढे तलासरीला त्यांची बदली झाली. तिथून मसुदे पाकिटात येऊ लागले, समास मुद्दाम रुंद सोडलेला. मी लाल शाईने तो भरून परत पाठवायचो. एकही दुरुस्ती न सापडलेला मसुदा आला की माझं दोन दिवस जेवणात लक्ष नसे.

मग ते निवृत्त झाले आणि पाकिटं थांबली. बोर्डीला ओटीवर भेटले तेव्हा मी विचारलं, "हल्ली काही लिहीत नाही?"

"आता अधिकार कुठे आहे, मास्तर?" एवढंच म्हणाले आणि समोरच्या नारळांकडे बघत राहिले. त्या दिवशी मला त्यांचा जराही हेवा वाटला नाही, आणि त्याचंच फार वाईट वाटलं.