अक्कांच्या टीव्हीत कुणी मरत नाही

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी अप्पांना कबूल केलं होतं. पण असले किस्से साचत जातात, आणि मग वहीच्या मागच्या पानांवर उतरतातच.

हळ्ळीखेडला आमच्या गल्लीत टीव्ही एकच, शेजारच्या अक्का-अप्पांकडे. त्यांचा एकुलता एक मुलगा बसवराज आंध्रात कोळशाच्या खाणीत आहे, त्यानं पाठवलेला. रविवारी दुपारी त्यावर खऱ्याखुऱ्या अपघातांची मालिका लागते, आणि ती बघायला गल्ली जमते. धरणं फुटतात, जहाजं बुडतात. सगळं इंग्रजीत! मी दहावीत, म्हणून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नाही. पण अक्कांना नाही कसं म्हणणार?

पहिल्या रविवारी धरण फुटलं. मी खरं तेच सांगितलं, दोन गावं वाहून गेली. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत.

अप्पांनी मला परसात बोलावलं. "पोरी, पोरगं खाणीत हाय. अक्काच्या जिवाला घोर लागलाय. तुझ्या इंग्रजीत माणसं मरू देऊ नको."

तेव्हापासून कुणी मेलं नाही!

*

जहाज बुडालं. मी म्हटलं, "सगळे पोहून काठाला लागले."

काशीमामा शिंपी गळ्यातली टेप सावरत म्हणाले, "आमची म्हस तळ्यातनं इतक्या लौकर निघत न्हाई!"

*

एकदा कारखान्याला आग लागली. बाहेर बायका ऊर बडवून रडत होत्या.

"सगळे वाचले म्हणतीस, मग ह्या बाया कामून रडायल्यात?" अक्कांनी विचारलं.

"आनंदानं," मी म्हटलं.

"व्हय, व्हय," काशीमामा म्हणाले. "मी घरी आलो की आमची बी अशीच रडती!"

*

भूकंपाच्या वेळी मात्र अवघड गेलं. पडद्यावर ओळीनं माणसं आडवी, अंगावर पांढऱ्या चादरी.

"दमलेत. झोपलेत," मी म्हटलं.

"तोंडावरनं पांघरूण घिऊन?"

 तेवढ्यात मागून गल्लीतले रहीमचाचा गंभीरपणे बोलले, "मच्छर भौत हैं उदर!"

*

आणि मग खाणीचा रविवार आला. बसवराजचं महिनाभर पत्र नव्हतं. (ते बुधवारी आलं, पण ते नंतर.) खाण खचली, माणसं आत अडकली. अप्पा टीव्ही बंद करायला उठले.

"राहू द्या," अक्का म्हणाल्या.

 मी एकेक इंग्रजी शब्द कान देऊन ऐकत होते. शेवटी दोराला बांधलेला पाळणा खाणीतून वर आला. काळ्या तोंडाची माणसं एकेक करून बाहेर आली. सगळी! खरोखर सगळी! मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडले, "सगळे वाचले!"

अक्कांनी पडद्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"आज खरंच वाचले का गं?"

काशीमामा टेपचे आकडे बघू लागले. अप्पांनी मान खाली घातली. मी कसंबसं म्हटलं, "व्हय अक्का, आईशप्पथ." तेव्हा अक्कांनी मला जवळ ओढलं आणि कानात हळूच...

"सुमेऽ! काय लिहायलीस तिथं बसून? पळत ये, जहाज बुडायलंय! लोकं वाचवायची हाईत!"

अक्का बोलावतायत.