सुगंधाताईची बर्फी

सुगंधाताई कधी शांत बसलेली मला आठवत नाही. आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात मशीनवरून पुडे यायला जरा उशीर झाला, तरी ती जागच्या जागी पाय हलवत उभी. पनवेलजवळच्या कोन गावची बाई, आवाज शेतावरचा. "बसून काय व्हतंय? मुंग्या येतान नुसत्या," म्हणायची.

कुणाला दिवस गेले की जेवणाच्या सुट्टीत डोहाळजेवण करायचं, ही प्रथा तिचीच. पण सातव्या महिन्यापर्यंत थांबायचा धीर तिला कुठला? रेश्माला चौथाच होता, पोटही दिसत नव्हतं, तरी हिनं दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. रेश्मानं उघडलेल्या वाटीत बर्फी निघाली. तेवढ्यात सुपरवायझर साहेब आले. बर्फीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "मुलगी हां, रेश्मा!" आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात रेश्माला गेटवरून परत पाठवलं. काम नाही म्हणे.

सुगंधाताई पार बिथरली. "माज्यामुलं झाला. मी गाजावाजा केला नसता तं त्यांना कलला असता का?" तिला घास गोड लागेना. शेवटी रेश्माला घेऊन तिनं पनवेलचं सरकारी कामगार कार्यालय गाठलं आणि तक्रार ठोकली. साक्षीला मी नाव दिलं, आणि माझीही झोप उडाली.

सुनावणीच्या दिवशी ती दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होती. "ताई, बसा ना," अधिकारी मॅडम दोनदा म्हणाल्या. साहेब शांतपणे सांगत होते, "रेश्मा गरोदर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. काम कमी होतं म्हणून थांबवलं."

सुगंधाताई गर्रकन वळली. "मंग बर्फी कोनी खाल्ली?"

मॅडमनी मान वर केली. मग मी सगळं सांगितलं.

रेश्मा कामावर परतली. पण कंत्राट संपलं म्हणून सुगंधाताईलाच घरी बसवलं. घरी बसवलं, आणि तिला! मला अजून संताप येतो. तिची स्वतःची तक्रार अजून चालूच आहे.

त्यानंतर आमच्याकडे दिवस गेल्याचं कुणी बोलेनाच. आमच्याच लाइनवरची वंदना पाचव्या महिन्यातही सैल कुर्ता घालून, ओढणी पोटावर धरून वावरायची. न राहवून मी सुगंधाताईला फोन केला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती गेटवर हजर, हातात वाटी. साहेब नेमके बाहेर निघाले होते.

"घ्या साहेब. आमच्या वंदनाचं डोहालजेवन हाय. आदी तुमी खा, सगल्यांच्या समोर."

साहेबांनी मुकाट्यानं बर्फी खाल्ली. मग वंदना ओढणी मागे टाकून गेटापर्यंत चालत आली.