जळीं उतरतों आतां

चिपळ्या तालात वाजल्या की त्यांचा आवाज विसरता येतो. तो गाण्यात विरघळून जातो. मला जो आठवतो तो तालाबाहेरचा. ऑटोच्या मागच्या बाकावर, अगदी माझ्या दंडाशी, मांडीवर ठेवलेल्या एका मुठीत त्या लाकडी चिपळ्या बारीक बारीक कुडकुडत असत. थंडीत दात वाजावेत तशा. कुंभकोणमला तशी थंडी पडत नाही. ती भीती होती.

"आज कांहीं आठवत नाहीं हो," अक्का म्हणत. "सगळं पुसून गेलं. गाडी माघारीं फिरवा."

हे त्या मला मराठीत सांगत आणि चालकाला तमिळमध्ये. चालक आमच्या मेलकावेरीतलाच. "हो, पाट्टी," म्हणून तो नातवाच्या अदबीने मान डोलवी आणि सरळ पुढे जाई. एकदा नवा चालक मिळाला. त्याने बिचाऱ्याने खरोखरच गाडी वळवली. तेव्हा अक्का केवढ्या कडाडल्या! "मी म्हटलें म्हणून वळवायची काय? तिकडे कथेला लोक येऊन बसलेत!"

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांना आपण भित्री म्हणून हसण्यावारी नेतो. अक्कांना हसणे फार सोपे होते. गॅस बंद केल्यावर त्या शेगडीला नाक लावत. मग जिन्याखालून हाक मारून मला खाली बोलावत आणि माझेही नाक लावायला सांगत. फोन वाजला की उचलण्याआधी देवाला हात जोडत. लिफ्टमध्ये त्यांनी जन्मात पाऊल ठेवले नाही. भिंतीवर पाल दिसली की तिला अहोजाहो करत: "आपण जरा बाहेर व्हा कीं. मी डोळे मिटतें."

मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही नाशिकहून इथे आलो आणि मला एका शाळेत हिंदी शिकवण्याचे काम मिळाले. सामान वर चढवताना मी नवऱ्यावर मराठीत करवादले, आणि खालच्या खिडकीतून आवाज आला, "आमच्या बाषेत बांडतंय कोण?"

त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावूरला आले आणि तिथलेच झाले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. ही मराठी माझ्या कानांना जुन्या तांब्यासारखी लागे: काळवंडलेली, पण वाजवली की खणखणणारी. तिच्यात भ मात्र नव्हता. भात बात होई, भिंत बिंत. माझी मराठी त्यांना गमतीची वाटे. "तुमचं मराठी इस्त्रीचं," त्या म्हणत. "नेसून खालीं बसवत नाहीं."

अक्का हरिकथा सांगत. महाराष्ट्राचे कीर्तन मराठ्यांच्या मागोमाग कावेरीकाठी उतरले, हळूहळू तमिळ बोलू लागले. पण त्याने आपल्या साक्या आणि दिंड्या मराठीतच ठेवल्या. कथा तमिळ, आणि ऐन जिव्हाळ्याच्या जागी एक मराठी साकी. समोर बसलेल्या कोणालाही तिचा अर्थ कळत नसे. तरी माना डोलत. मी वृत्ते शिकले होते ती परीक्षेसाठी, बोटांवर मात्रा मोजून. सोळा आणि बारा. ती साकी मी पहिल्यांदा श्वास घेताना पाहिली ती अक्कांच्या पाठीमागून, त्यांच्या खांद्यांच्या वरखाली होण्यात.

पाठीमागून, कारण त्यांनी मला साथीला घेतले. मागे उभी राहून ओळ उचलून धरणारी त्यांची वहिनी लेकीकडे राहायला गेली होती.

"मला गाता येत नाही, अक्का."

"मजला तरी कुठें येतं? बय वाटतं, म्हणून नीट म्हणतें."

"इतकी वर्षं झाली, अजून भय वाटतं?"

"न वाटलं तर घरीं निजावं. लोक उन्हातून चालत येतात. त्यांना आळशी शब्द द्यायचा काय?"

त्यांचे जे काही तत्त्वज्ञान होते ते एवढेच, आणि त्यांनी ते कधी कथेत सांगितले नाही. कथेच्या जागी पोचल्यावर त्या थरथरत्या हातांनी स्वतः जमीन झाडत. सगळ्यांत शेवटी आलेल्या माणसाला टेकायला खांब मिळेपर्यंत सुरुवात करत नसत. आणि खलपुरुषाचे नाव कधी दात खाऊन घेत नसत. कालियाच्या कथेत तर नागाच्या बायका पतीसाठी पदर पसरतात तो भाग त्या इतका लांबवत, की लोक कृष्णाला विसरून सापासाठी रडत. मी एकदा विचारले, विषारी सापाची एवढी कणव का?

"विष म्हणजे सापाचं बय हो," त्या म्हणाल्या. "तो बितो, म्हणून डसतो."

कालियाची कथा ही त्यांची ओळख होती. यमुनेच्या डोहात विष कालवलेले. तहानलेले गोपाळ काठावर ओंजळ भरून वाकलेले. कृष्ण कदंबाच्या फांदीवर. इथे मृदंग थांबे. मग अक्का साकी म्हणत. म्हणत कसल्या, किंचाळत:

"नको पिऊ रे, नको पिऊ रे, जळीं उतरतों आतां!"

ती किंकाळी आजूबाजूच्या गावांत प्रसिद्ध होती. पहिल्या रांगेतली मुले आधीच कानांत बोटे घालून बसत आणि तरीही दचकून आयांच्या कुशीत शिरत. पाण्याची बाटली तोंडाला लावलेला एक मोठा माणूस ती खाली ठेवताना मी पाहिला आहे, आणि त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. माझ्याही मानेवर दर वेळी काटा येई. पण कानात काहीतरी खुपत राही.

एका दुपारी आम्ही दोघी शेवग्याचा पाला निवडत बसलो होतो. मी विचारले, "ही साकी तुम्हांला कोणी शिकवली?"

"आत्यानं. पण म्हणून दाखवून नव्हे. तोंवर तिचा आवाज गेला होता. गळ्यांत गाठ." त्यांनी बोटाने आपल्या गळ्याला स्पर्श केला आणि लगेच काढून घेतला. "बाकी कथा तिच्या तोंडून शिकलें. ही एकच खडूनं. ती या लाल जमिनीवर शब्द लिहायची, चिपळीनं ताल द्यायची. सांजेला ओल्या फडक्यानं पुसून टाकायची."

"कोणत्या लिपीत लिहायची?"

"तमिळ कीं. मजला दुसरी कुठें येते?"

माझे हात थांबले. तमिळ लिपीत प, फ, ब आणि भ या चौघांचे मिळून एकच घर आहे. दारावर पाटी एक. आत कोण, ते ज्याने त्याने ओळखायचे.

"अक्का," मी म्हटले, "ते 'पिऊ' नसेल. 'भिऊ' असेल. नको भिऊ रे. घाबरू नको, मी उतरतो पाण्यात."

पाल्याची एक काडी त्यांच्या बोटांत तशीच राहिली. मग त्यांनी तो शब्द अगदी हलके, गरम घास फिरवावा तसा तोंडात फिरवला. "बिऊ." आणि जमिनीकडे पाहिले, जिथे काही लिहिलेले नव्हते.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "आत्या बोलूं शकत नव्हती. मी पोर, तिच्या गळ्याकडे बघून बिऊन बसलेली. आणि ती मजला हें लिहून दाखवत होती?"

"कदाचित 'पिऊ'सुद्धा असेल. दोन्ही मात्रांत बसतं. आता कोणाला विचारणार?"

"आणि मी ओरडत राहिलें. लेकरांना बिववत राहिलें."

"समोर कोणाला मराठी कळतंय, अक्का?"

"मजला कळलं कीं."

दोन-चार दिवसांनी त्या धापा टाकत जिना चढून वर आल्या. चेहरा उजळलेला. "सांपडलं! दोन्ही एकच. बय हेंच विष. तें प्यायचं नाहीं. झालं!" कीर्तनकाराला शोभेल असे उत्तर होते, मी मनापासून दाद दिली. त्या खुशीत उतरू लागल्या, आणि चार पायऱ्या गेल्यावर थांबल्या. पाठ माझ्याकडेच होती.

"पण म्हणायचं कसं?" त्यांनी विचारले. "ओरडून कोणी 'बिऊ नको' सांगतं काय?"

त्याच सुमारास त्यांचा आवाज घोगरा होऊ लागला. आधी आम्ही हवेला दोष दिला, मग गार पाण्याला. काढे झाले, मिरी-मध झाले. शेवटी मी त्यांना तंजावूरच्या डॉक्टरांकडे नेले. तिथे घशात नळी घातली तेव्हा अक्कांनी माझे मनगट असे धरले की बांगडीचा वळ उठला. डॉक्टर सौम्यपणे बोलले. गाठ आहे, शस्त्रक्रिया लवकर करावी, जीव वाचेल असे वाटते, आवाजाचे सांगता येत नाही. परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीबाहेर पाहत होत्या. पापनाशम् गाव मागे पडले तेव्हा गळ्याला बोट लावून त्या एवढेच म्हणाल्या, "आत्याचंही इथेंच होतं."

त्यानंतर भीतीची जात बदलली. पालीची, फोनची, लिफ्टची भीती बोलकी होती. आम्ही दोघी तिला हसत असू. ही बोलत नव्हती. मी वर्गात फळ्यावर लिहिताना एकाएकी माझाच गळा चाचपू लागे.

शस्त्रक्रियेआधी एक कथा कबूल केलेली होती, तिरुनीलक्कुडीच्या देवळात. ती रद्द करा असे मी सुचवले. "कालियाच सांगायचा," त्या म्हणाल्या. "एकदां तरी खरं म्हणून बघूं दे."

मग पहाटे पहाटे माझ्या खोलीच्या जमिनीखालून तो आवाज येऊ लागला. एक म्हातारी बाई एक अक्षर घोकत होती. "ब… ब… ब्ह…" मी त्यांना शिकवले होते: तळहात तोंडासमोर धरायचा; भ म्हटला की त्यावर वारा लागला पाहिजे. त्या तळहात धरून बसत, कपाळावर घाम येई. "वारा येत नाहीं हो," त्या म्हणत. सुटा शब्द कधी कधी जवळपास जमे. पण चालीवर चढवला की जीभ जुन्या वाटेने पळे, आणि फाटक्या आवाजात पुन्हा तीच किंकाळी: पिऊ! मग बराच वेळ काहीच ऐकू येत नसे. मी अंथरुणात पडून ती शांतता ऐके, आणि मला वाटे, उद्यापासून अशीच असणार आहे.

नंतरचे थोडक्यात सांगते. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज राहिला नाही. भाच्याने त्यांना पापनाशमला आपल्या घरी नेले. मी रविवारी जात असे. त्या माझ्या शाळेची हकिगत ऐकत, हसत. हसण्यालाही आवाज नसे. पुढच्या उन्हाळ्यात, कावेरीला पाणी सोडण्याच्या आधी, त्या गेल्या. खालच्या मजल्यावर आता एक तरुण जोडपे राहते. भली माणसे आहेत. शेगडीला नाक कोणी लावत नाही. कधी त्यांनी चहाला बोलावले, तर मीच ओट्यापाशी उगाच रेंगाळते.

पण मी सांगत होते तिरुनीलक्कुडीचे.

तिथला देव नीलकंठ. त्याने विष प्यायले, आणि त्याचा दाह शमावा म्हणून त्याच्यावर तिळाचे तेल ओततात. दगड ते तेल पिऊन टाकतो, असे सांगतात. ऑटोत अक्कांना ते आठवले. "ज्यानं पिऊन टाकलं त्याच्या दारांत जाऊन 'पिऊ नको' म्हणायचं? उशीर झाला कीं हो!" आम्ही हसलो. त्यांचे हसणे खोकल्यात मोडले आणि बराच वेळ थांबेना. चालकाने गाडी हळू केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून विचारले, "पाट्टी, वळवू का?"

"रस्त्याकडे बघ," अक्का म्हणाल्या.

देवळात तेलाचा जुना, जड वास होता. दगडी फरशी दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होती. अक्कांनी जागा झाडली. काठी टेकत आलेल्या एका आजोबांना खांब मिळेपर्यंत वाट पाहिली. कथा सुरू झाली. आवाज खरखरीत होता, पण तमिळ बोलणे त्याने निभावून नेले. मधूनमधून लोक हसलेही. मी मागे उभी राहून जी ओळ हाती येईल ती उचलत होते आणि डोहाकडे येणारी एकेक पायरी मनात मोजत होते. गाई आल्या. गोपाळ आले. ओंजळी भरल्या. कृष्ण कदंबावर चढला.

मृदंग थांबला.

पहिल्या रांगेतल्या मुलांनी कानांत बोटे घातली.

पेटीवाल्याने सूर धरून ठेवला होता. मला अक्कांची पाठ दिसत होती, अंबाड्यातला अबोलीचा गजरा, आणि त्याच्यातली ती अखंड थरथर. त्यांनी श्वास घेतला. खांदे वर गेले. खाली आले. शब्द आला नाही. पुन्हा वर गेले. पेटीवाल्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आवाज गेला. आत्ताच, इथेच, सगळ्यांसमोर गेला. पाणी आणावे, की कोणाला हाक मारावी, की पुढे होऊन त्यांना धरावे, मला काहीच सुचेना. मी आयुष्यात कधी एकटी गायले नव्हते. माझ्यासमोर नेहमी त्यांची पाठ असे.

तेव्हा त्या एक पाऊल बाजूला झाल्या. माझ्या आणि त्या सगळ्या चेहऱ्यांच्या मध्ये काहीच उरले नाही. सूर चाललाच होता. मुलांनी कानांतली बोटे हळूहळू काढली. अक्कांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि उरल्यासुरल्या, खरवडून काढलेल्या आवाजात म्हणाल्या,

"म्हण."