खाली धन्याचं नाव

"इकडे लक्ष द्या! जाफराबाद गाडी दोन नंबरला लागलेली आहे. ज्या म्हाताऱ्या माणसांना आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचं आहे, त्यांनी सोमवारी अकरा वाजता कचेरीत यावं. येताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि स्वतःला सोबत आणावं."

यातली जाफराबाद गाडी दिगूकाकांच्या फक्त तोंडात उरली होती. एसटी स्टँडच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर आठवडाभर ते घरात बसले. त्या आठवड्यात काकूंना "स्वयंपाकघरातून सुटणारी भाजी" वगैरे ऐकावं लागलं म्हणे. मग त्यांनीच काकांना घराबाहेर काढलं. काकांनी स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलाच्या भिंतीवर एक फळा ठोकला आणि रोज सकाळी त्यावर खडूनं गावाची खबरबात लिहायला लागले. नळ कधी येणार, रेशनला काय आलंय, कुणाची शेळी चुकलीये. आणि मुख्य म्हणजे कोणती सरकारी मदत कुणाला मिळते, कागद कोणते लागतात, अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा. समोर उभ्या राहणाऱ्या निम्म्या लोकांना वाचता येत नसे, म्हणून लिहून झालं की ते केबिनमधल्या आवाजात सगळं पुकारून दाखवत. आवाज लावायला आधी एक गाडी लागायचीच. एकदा त्यांच्या भरवशावर चार माणसं पिशव्या घेऊन दोन नंबरकडं पळाली होती.

फळ्याचे कायदे दोन. पहिला म्हणजे प्रत्येक बातमीखाली ती सांगणाऱ्याचं नाव. 'उद्या पाणी नाही. धनी: बाळू वॉलमन.' 'काळी शेळी, उजवा कान कापलेला, सापडली. धनी: रशीदचाचा.' काका म्हणायचे, "बिनधन्याचं ढोर आन् बिनधन्याची बातमी, दोन्ही दुसऱ्याच्याच वावरात शिरत्यात."

दुसरा कायदा चुकीचा. बातमी चुकली तर ती पुसायची नाही. तिच्यावर लाल खडूची एक रेघ मारायची, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि आठ दिवस तसंच ठेवायचं. "पुसलेली चूक पुन्हा होती बे. दिसत राह्यली की लाजती."

मी कचेरीत कारकून. योजनांच्या बातम्या काकांना माझ्याकडून जायच्या. पण खाली माझं नाव टाकू देत नव्हतो. "साहेब रागावतात," असं सांगायचो. साहेबांना तो फळा कुठं आहे हेही माहीत नव्हतं.

"मंग माझंच टाकतो," काका म्हणायचे. "बातमी अनाथ न्हाई राहायला पाहिजे."

फळ्याच्या गिऱ्हाइकांत धुरपदाबाई सगळ्यांत पक्की. गावाबाहेरच्या वस्तीवर तिची मेंढरं. नवरा कधीच गेलेला, सरकारकडून निराधारांचं पेन्शन मिळायचं. बाजाराच्या दिवशी ती पितळेच्या तांब्यात काकांच्या चहासाठी शेळीचं दूध घेऊन यायची आणि फळ्यासमोर बसकण मारायची.

"दिगू, सरकारला माझा एवढा का पुळका रं? दरसाली इचारतंय, जित्ती हायेस का म्हणून. माझ्या सुनंनं कधी इचारलं न्हाई."

"आक्का, सुनंला तुमी रोज दिसता. सरकारला न्हाई दिसत."

"मंग त्याला म्हणावं, ये की एकदा मेंढरामागं. मी दिसते का तूच न्हाई दिसत, बघू."

आता जे सांगायचंय ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्या साली हयातीच्या दाखल्याचं शिबिर मंगळवारी होतं. त्याच मंगळवारी दुपारी नवीन जालन्यात माझ्या मेव्हण्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं. आदल्या वर्षी काकांच्या फळ्यामुळं अशी गर्दी लोटली होती, की मला संध्याकाळपर्यंत खिडकी सोडता आली नव्हती. काकांनी विचारलं, "शिबिर कवा हाये?" मी म्हणालो, "गुरुवारी." मनात म्हटलं, थोडे लोक चुकतील, त्यांचं नंतर करून देऊ. एवढाच विचार. मंगळवारी तुरळक माणसं आली. दोन वाजता मी मोकळा होऊन जिलेबी खायला गेलो.

गुरुवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर कचेरीचं आवार म्हाताऱ्या माणसांनी भरलेलं. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून आलेलं. शिपायानं शिबिर होऊन गेल्याचं सांगितलं तेव्हा मी कपाटामागं जाऊन फाइल शोधत होतो. कुठली फाइल, ते अजून सापडलेलं नाही.

काका धापा टाकत आत आले. "काय रे, तू मंगळवार म्हणाल्ता का? मीच उलटं ऐकलं का?"

तेव्हा खरं बोलायला एक दार उघडं होतं. मी ते लावून घेतलं. म्हणालो, "असेल काका. इथं गलका असतो ना."

त्यांनी मान हलवली, परत जाऊन लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'शिबिर मंगळवारी झाले. चूक माझी. धनी: दिगंबर.' मग पुढचे पंधरा दिवस एकेका म्हाताऱ्याला हाताला धरून ते माझ्या खिडकीवर आणत राहिले. मीही मुकाट्यानं एकेकाचं काम करून दिलं. राहिली फक्त धुरपदाबाई. ती त्या गुरुवारसाठीच मागं थांबली होती. दुसऱ्या दिवशी कळप घेऊन शहागडकडं, नदीकाठच्या रानात निघून गेली. परत आली तेव्हा पेन्शन बंद पडलेलं. ते सुरू व्हायला आणखी चार महिने लागले. तेवढा काळ ती कागदावर मेलेली होती.

आल्या आल्या ती फळ्यासमोर उभी राहिली आणि भर बाजारात म्हणाली, "दिगू, मी तुझ्या फळ्यानं मेले. आता माझ्या दुधावर न्हाई वाचायचा तुझा फळा."

काका म्हणाले, "बराबर हाये आक्का."

मी शेजारच्या बाकावर चहा पीत होतो. कप खाली ठेवला नाही. तोंडापुढंच धरून बसलो.

त्या दिवसापासून काकांचा चहा कोरा झाला. हॉटेलवाल्यानं विचारलं तर "दुधानं पित्त होतं" म्हणायचे. महिन्याभरात ते जालन्याला जाऊन कानाचं मशीन घेऊन आले. कोणी बातमी सांगायला आलं की मशीनचं बटण फिरवायचे आणि तीन-तीनदा विचारून घ्यायचे. "बुधवारीच ना? पुन्हा सांग. बुधवारच ना?" पोरं त्यांची नक्कल करायची. ती पाहून मीही हसायचो, इतका मी निगरगट्ट झालो होतो.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी जवाब दिला आणि मुलगी त्यांना नवीन जालन्याला घेऊन गेली. फळा कोरा पडला. कचेरीत जाता-येता तो दिसायचा. लिहिलेला असताना कधी इतका टोचला नव्हता.

एका रविवारी मी त्यांच्या मुलीच्या घरी गेलो. काका बाल्कनीत बसून रेल्वे स्टेशनवरच्या घोषणा ऐकत होते. "ही बाई चांगली बोलती," म्हणाले, "पण गाडी उशिरा असल्याचं दुःख आवाजात न्हाई." मी पाण्याचा पेला हातात धरूनच सगळं सांगून टाकलं. मंगळवार, मेव्हण्याचं दुकान, कपाट, गलका, सगळं.

त्यांनी कानातलं मशीन काढून टीपॉयवर ठेवलं.

"म्हंजे माझे कान बरे हायेत?"

"बरे आहेत काका."

"आरं लेका! दोन वर्षं हे कानात घूं घूं करून राह्यलं. मला वाटलं, घूं घूं असंच ऐकू येत असंल चांगल्या कानाला!" आणि ते हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. मुलगी धावत आली. मला मात्र हसता येईना.

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. हसू थांबलं होतं. "मला सांगून काय उपेग? मी तर जित्ताच हुतो. जी मेल्ती तिला सांग. फळ्यावर लिही, आन् खाली धन्याचं नाव टाक. आतल्या कपाटात खडूचा डबा हाये, जाताना घेऊन जा. तांबडा पण हाये त्यात."

बाजाराच्या दिवशी सकाळी मी फळा ओल्या फडक्यानं पुसला. अक्षर काही केल्या सरळ येईना. 'दोन वर्षांपूर्वी हयातीच्या दाखल्याचे शिबिर गुरुवारी आहे असे या फळ्यावर लिहिले होते. दिगंबरकाकांनी बरोबर ऐकले होते. त्यांना तारीख मुद्दाम खोटी सांगितली होती.' खाली 'धनी:' लिहिलं आणि तिथं खडू मोडला. दुसरा घेतला आणि पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

लोक जमले. वाचता येणारे वाचून माझ्याकडं पाहायला लागले. हॉटेलवाल्यानं माझ्यापुढचा चहा उचलून नेला. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय लिव्हलंय रं? दिगू आला का?"

धुरपदाबाई. हातात पितळेचा तांब्या, हॉटेलवाल्याला दूध घालायला आलेली.

हॉटेलवाला म्हणाला, "आता तुमीच वाचा साहेब."

मी वाचलं. ती म्हणाली, "ऐकू येत न्हाई. दिगूवानी मोठ्यानं वाच." मग मी मोठ्यानं वाचलं, स्टँडपर्यंत जाईल असं. नाव वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ह्यो कोण?"

"मी."

ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मेंढरांत लांडगा शिरला का कुत्रंच ते ठरवावं, तशी. मग तांब्यावर पदर बांधला आणि हॉटेलवाल्याला म्हणाली, "आज तुला दूध न्हाई. जालन्याची गाडी कवा हाये?"

"दहाला," मी म्हणालो. "तीन नंबरला लागते."

"नक्की का?" ती म्हणाली. "का गुरुवारी?"

सगळं हॉटेल हसलं. मी केबिनपर्यंत पळत जाऊन गाडीची खात्री करून आलो. गाडी लागल्यावर ती आत खिडकीजवळ बसली. गाडी हलली तेव्हा तांब्या मांडीवर नीट धरून बाहेर वाकली आणि म्हणाली, "तुझं काय करायचं ते आल्यावर बघते. तवर फळा पुसू नको."