जुना नंबर नव्या पेटीत

चाकूरच्या आमच्या घरात तीन फोन. एक घरचा, दुसरा खाली भावाच्या बी-बियाणांच्या दुकानातला, तिसरा मागच्या गोदामातला. तिन्ही तारेवरचे आणि आठवड्यातून निम्मे दिवस मुके. मी लातूरला असते. सुट्टीत आले आणि आल्या आल्या जाहीर केलं की तिन्ही फोन आता इंटरनेटवर घ्यायचे, नंबर मात्र तेच राहतील. मला यंत्रांची हौस आहे आणि ती लपवणं मला जमत नाही.

आई एवढंच म्हणाली, "घरचा नंबर गेला तर तुला उंबरा चढू देणार न्हाई."

तिची भीती मला माहीत होती. तिची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, मुखेडला असते. दोन वर्षांपासून ती विसरायला लागली होती. जेवण झालं की नाही, आज वार कोणता, समोरची सून कोण, काही आठवायचं नाही. पण रोज सकाळी फोनपाशी बसून आमच्या घरचा नंबर न चुकता दाबायची. बोटांनाच तो पाठ होता. आई म्हणायची, "आपण केला तर कुणीबी बोलतंय गं. तिनं केला म्हंजे मी अजून तिच्या ध्यानात हाय."

नंबर जुन्या तारेवरून नव्या लाइनवर यायला तीन दिवस लागले. तीन सकाळी मावशीचा फोन नाही. आई माझ्याशी कामापुरतंच बोलायची. सवय मोडली तर बोटंही विसरतील, या विचारानं माझीही झोप उडाली.

दरम्यान इंटरनेटवर फोन चालवणारी पेटी आली. एकाच पेटीत तिन्ही फोनच्या वायरी लावायच्या, प्रत्येक नंबराला एक खाच. मी कॉम्प्युटरवर बसून एक नंबरच्या खाचेला घर, दोनला दुकान, तीनला गोदाम असं सगळं भरलं. वळून बघते तर आईनं पेटीला ओल्या विभूतीची तीन बोटं ओढलेली! नवी वस्तू घरात आली की आमच्याकडे हे होणारच. नेमके खाचांवरचे आकडे त्याखाली गेले. आईनं लावलेली विभूती पुसायची कशी? मी डावीकडून मोजून वायरी खोचल्या. तिन्ही फोनमध्ये टोन आला आणि मी हवेत.

चौथ्या दिवशी सकाळी नंबर सुरू व्हायचे होते. आई डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेली. पूजा होईपर्यंत ती एक शब्द बोलत नाही. घर पेटलं तरी खुणेनंच सांगेल. तेवढ्यात भाऊ जिना चढत धापा टाकत आला.

"ताई, गोदामात मावशीचा फोन आलता! आवाज वळखायच्या आत मी म्हणलं, सोयाबीनचं बी संपलंय, तर तिनं ठेवूनच दिला!"

नंबर जिवंत होता! मी आनंदानं ओरडले आणि लगेच पेटीकडे धावले. पेटीवर खाचा उजवीकडून मोजायच्या होत्या. घरचा नंबर गोदामात वाजत होता. मी वायरी उपटल्या, फिरवून लावल्या. आपलंच चुकलं समजून मावशीनं पुन्हा लावलाच नाही तर? मी मोबाइल उचलला, मावशीला लावणार, तर आईनं उजव्या हातानं जोरात खूण केली. नको. तिला करू दे.

आम्ही दोघं फोनकडे बघत उभे. आईचे डोळे तळहातावर, कान फोनकडे.

वाजला. घरातलाच वाजला! मी झडप घातली, स्पीकर लावला आणि आईकडे पाहिलं. आता काय करणार ही?

"अक्का, बोल," आई म्हणाली. लिंग तळहातावर तसंच होतं.

"मगाशी कुणी गडी बोलला गं," मावशीचा आवाज रडवेला होता. "मला वाटलं, तुझाबी नंबर इसरले. लई भ्याले."

"तू न्हाई इसरलीस, अक्का," आई म्हणाली. "माझी पोरगी चुकली."